चौथी ओस्ती

२९ सप्टेंबर, शुक्रवार

चर्चमधून आजाऱ्यांना ओस्ती, ती प्रसादाची पातळ पवित्र भाकर, पोचवायची आजची तीन घरं झाली — शिंप्याची आई, हेडमास्तर आणि पायाने अधू झालेली नर्स. हेडमास्तरांनी ओस्ती घेतली, डोळे मिटले, मग एकच डोळा उघडून विचारलं, "तुम्ही स्वतः कधी घेता हो?" चर्चमध्ये, मिस्साच्या उपासनेत घेतो, म्हणालो. धडधडीत खोटं! माझी ही गेली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ओस्ती घ्यायला कम्युनियनची रांग लागली की मी शेवटच्या बाकावर गुडघा चोळत बसतो. ख्रिस्ताचं शरीर आजाऱ्यांच्या दारी पोचवतो, आणि वाढपी उपाशी.

श्रद्धा गेली म्हणावं, तर तसंही नाही. गेली असती तर भांडलो कुणाशी असतो? तीन वर्षं हिच्या खाटेशी बसून एकच मागितलं. दिलं नाहीस, देवा. आता मीही तुझ्याकडून काही घेणार नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

दिवसभरात कुणाशी एक शब्द नाही. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून गेला.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

काय करून बसलो हे! सकाळी मिस्सानंतर फादरांनी विचारलं, किती देऊ? तोंडातून गेलं — चार. तीन वर्षांची सवय, हिची धरून. तीन घरं आटोपून ओस्तीची डबी उघडली तर एक ओस्ती शिल्लक! परत गेलो, तर चर्चला कुलूप. फादर बिशपांकडे गेलेले, उद्या संध्याकाळी येणार.

नियम असा, उरलेली ओस्ती एक तर चर्चमध्ये परत ठेवायची, नाहीतर स्वतः घ्यायची. पण मनात एवढा राग ठेवून, कन्फेशनमध्ये फादरांपुढे कबुली न देता, घेऊ कशी? घरी आणली. हिच्या खाटेशेजारच्या तिपाईवर धुतलेला रुमाल अंथरला, डबी ठेवली, मेणबत्ती लावली. त्यासाठी औषधाच्या बाटल्या उचलाव्या लागल्या. आठ महिने तशाच होत्या.

७ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

घरात कुणीतरी आहे, तिपाईवरच्या डबीत! बनियनवर वावरत होतो, जाऊन शर्ट घातला. रेडिओ लावायला हात धजला नाही.

मग तिपाईपुढे खुर्ची ओढली आणि झाडून सगळं बोललो. शेवटी शेवटी हिला गिळवत नव्हतं. ओस्तीचा एवढासा कण चमचाभर पाण्यात द्यायचो. "मला एवढंच पुरतं," म्हणायची. तिला पुरत होतं रे. मला तीच हवी होती! आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणासमोर तरी रडलो.

भांडण सोडलं. पटलं म्हणून नाही, दमलो म्हणून. ती तुझ्याकडे आहे. स्वतःलाही तुझ्यावरच सोपवतो. बघ काय करायचं ते.

७ ऑक्टोबर, संध्याकाळ

माझा निरोप मिळाल्यावर फादर डबी न्यायला घरी आले. तिपाईकडे बघत म्हणाले, "तुमच्या यादीत आजारी तीन. मग ही चौथी कुणासाठी?"

"माझ्यासाठी," म्हणालो. "आधी कन्फेशन ऐका."