पोथीवरचं वजन

मेहकर, ता. ३ नोव्हेंबर १९३०

चि. पंजाबराव यास अनेक आशीर्वाद.

ज्याची शस्त्रविद्या धनुष्यबाणापाशी संपते, त्या संस्कृत मास्तराला तू रायफलीची किंमत विचारतोस. वरवट बकालात शहाण्या माणसांचा दुष्काळ पडलेला दिसतो.

डुकरं ज्वारी लोळवतात, परवाना हाती आला, हे मान्य. पण तुझ्या आजोळचे उत्तमराव एका वेळी एकच गोळी भरायची रायफल साठ रुपयांत देतात, ती म्हणे बदलून गेलेल्या साहेबाची, आणि ‘थोडी अपुरी’. शेपूट नसलेला बैलही अपुरा, डोकं नसलेलाही अपुराच. शिवाय त्यांना घाई आहे. विकणाऱ्याला घाई असली की मला झोप येत नाही.

फकीर मोहम्मद मिस्त्रींकडून ती खोलून घे. नळीवर आकडा असेल तो कळव. वहिनींचा, तुझ्या आईचा, तुझ्या पत्रात उल्लेख नाही. का नाही?

लोभ आहेच, तुझ्या घाईवर मात्र नाही.

तुझा काका,
भगवानराव

वरवट बकाल, ता. ९ नोव्हेंबर

ती. काकांचे चरणी साष्टांग नमस्कार.

बैल बिनडोक्याचाच निघाला. नळी आतून साफ, दस्ता तडकलेला, आणि नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळाच नाही. तो मोडून पडला नाही, जाणत्या हातानं काढून घेतला, असं मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी सुईनं स्क्रूच्या खाचेतून लाल काही काढलं. मले वाटलं गंज. त्यांनी बोटावर चोळलं अन् साहेब खंडेनवमीले बंदुकीची पूजा करे काय, असं मलेच विचारून हसू लागले. ते कुंकू होतं.

त्यांच्या मते आहे तशी वीस रुपये. ठोकळा नवा घडवला तर पन्नास. मूळचाच सापडला तर दीडशेले कोणीही घेईल. आकडा ८४१७.

आईले काल सांगितलं. तिनं उत्तममामानंच दाखवली काय, एवढं दोनदा विचारलं. तुमचं पत्र आलं की सौदा करतो.

लेकरावर माया असू द्यावी.

पंजाब

मेहकर, ता. १३ नोव्हेंबर

गं. भा. रुखमावहिनी यांस नमस्कार. पंजाबने हे वाचून दाखवावे, काही गाळू नये.

सोळा वर्षं माझ्या पोथीवर एक लोखंडी ठोकळा आहे. त्यानं पानं उडत नाहीत. आज तो चिंचेनं घासला. खाली ८४१७ निघालं.

दादांच्या रायफलीतून तो मीच काढला. कशामुळे, ते आपण जाणता. खंडेनवमीला दादा तिला इतकं कुंकू फासत, की नवरी कुठं निघाली, असं मी चिडवत असे. तेच कुंकू मिस्त्रींच्या सुईला लागलं.

दादांमागे रायफल ठाण्यात जमा केली, असं आपण सांगितलं होतं. मी पावती मागितली नाही. मला आता साहेबाचा संशय नाही, उत्तमरावांचाही नाही. राग न धरता उत्तर धाडावे.

आपला दीर,
भगवानराव

वरवट बकाल, ता. १७ नोव्हेंबर

भावजीले रुखमाचा नमस्कार. मी सांगून राह्यली, पंजाब लिहून राह्यला. त्याले म्हटलं, एक अक्षर बदलू नको.

ठाण्यात दिली नाही. त्यायच्या हातची वस्तू म्हणून कोठीत ज्वारीखाली ठेवली. यंदा पंजाबचा परवाना आला, तशी उत्तमदादाले बोलावून फुकट दिली. म्हटलं, सातपुड्यापलीकडं ने, आमचं नाव घेऊ नको. नाव त्यानं घेतलं नाही. गिऱ्हाईक मात्र माह्याच घरचं पाहिलं.

पंजाब, आता लिही. तुहा किसनमामा साप चावून गेला नव्हता. ज्वारी हालली, तुह्या बापाले डुक्कर वाटलं, आन् आत माहा भाऊ होता. मंग भावजीनं ठोकळा नेला, उरलेली मी लपवली.

त्याचा हात थांबला, भावजी. जरा दमानं घेतो म्हणे.

डुकराले ज्वारी खाऊ दे, असं मी म्हणत नाही. वावर त्याचं, परवाना त्याचा. ठोकळा मागायचा का नाही, त्यानंच ठरवावं. आमच्यावर जीव असू द्या.

रुखमाबाईचा अंगठा

ता. क. काका, आईच्या अंगठ्याले शाई मीच लावली. वावरात मचाण बांधलं, डबे वाजवत बसतो. ठोकळा पोथीवरच राहू द्या.
पंजाब