उजेड धरायला आई

सोमवार, १० जानेवारी
काम मिळालं! मुलींच्या हॉकी संघाचे फोटो, येत्या रविवारी, मैदानावरच. माझं एकटीचं पहिलं काम. कोचबाईंनी बजावलंय, "सगळे चेहरे एकाच बॅनरवर, ओळीनं. उजेड एकसारखा हवा हं. एकीची सावली इकडे, दुसरीची तिकडे, असलं चालणार नाही."

मंगळवार, ११ जानेवारी
फ्लॅशला छत्री लावून गच्चीवर गेले. काय मऊ उजेड पडतो! तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि स्टँडसकट छत्री आडवी. फ्लॅश वाचला, जीव माझा गेला. मैदानावर तर वारा मोकाटच असणार. म्हणजे कुणीतरी हातात धरायला हवं. नवऱ्याची रविवारी ड्यूटी. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "मी धरते की! एवढं घर सावरलं, एक दिवा नाही सावरता यायचा?"

गुरुवार, १३ जानेवारी
सॉफ्टबॉक्स आणला भाड्यानं. फ्लॅशवर चढवायची घडीची कापडी पेटी, खांद्याला अडकवून नेता येते. आईंच्या हातात दिला, शेजारणीला समोर बसवलं. फोटो बघते तर काय — एकात नाकाची सावली गालावर, पुढच्यात थेट ओठावर! जडच आहे मेला. आई म्हणाल्या, "वाऱ्यानं हलतंय गं." वारा फारसा नव्हता.
जेवता जेवताही तेच फोटो बघत बसले. नवरा म्हणतो, "फोटो काढायचेत, ऑपरेशन नाही करायचं." त्याला काय जातंय बोलायला!

शुक्रवार, १४ जानेवारी
आज फ्लॅशला प्लॅस्टिकचा छोटा घुमट लावला. वजन काहीच नाही, पण उघड्यावर उजेड चहूकडे उधळतो, चेहऱ्यावर मऊपणा म्हणून नाही. सावली मात्र तशीच नाचते. शेवटी खेकसलेच — "आई, हात स्थिर ठेवा ना जरा!" त्यांनी फ्लॅश नुसता दोन्ही हातांनी धरला. एरवी एकाला दहा ऐकवतात.
उद्याचाच दिवस हातात. कोचबाईंना काय तोंड दाखवू?

शनिवार, १५ जानेवारी
खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. छत्री नाही, पेटी नाही, घुमटही काढला. समोर तांब्या ठेवला, आईंच्या हातात नुसता फ्लॅश दिला.
सावली तरीही हलली.
कॅमेऱ्यातून मान वर केली. आई माझ्याकडेच बघत होत्या. "वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "लेकाला सांगू नकोस. मला वाटलं, तुला काहीतरी हलकं मिळालं तर निभावेल."
फ्लॅश काढून घेतला. त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. थरथर थांबेना.