छत्तीस नावे

१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गळ्याचा निकाल आला. स्वरयंत्र काढावंच लागेल. डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर आवाजाबरोबर मीही जाईन. अकरा तारखेचा मंगळवार ठरला आहे. म्हणजे नऊच्या रविवारी आमच्या प्रार्थनागृहात धर्मग्रंथाचं माझं शेवटचं वाचन.

लग्नानंतर मी हिचा धर्म घेतला, तेव्हापासून तू त्या दाराकडे फिरकली नाहीस. बावीस वर्षांत मी कधी आग्रह केला नाही, आज करतो. एकदा तरी मला तिथे ऐक. लहानपणी तूच मला स्टुलावर उभं करून पाठ म्हणायला लावायचीस, आणि एक शब्द गिळला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.

मजकूर तुझ्या पसंतीचा नाही. क्रमानं या वेळी आली आहे ती पूर्वजांची निव्वळ यादी, छत्तीस नावं. वाचन आपल्याच भाषेत असतं, तेव्हा चुका काढायची सोय आहे. ही पुढच्या रांगेत तुझी जागा धरून ठेवील.

तुझी माया मोठी आहे हे जाणतो. रविवारी तिनं दहाच्या आत पोचावं.

तुझा,
पोपट


५ नोव्हेंबर

चि. पोपटास,
अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून दोन दिवस काही सुचले नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दवाखान्यात हजर असेन. पुढेही सांगशील ते करीन. रविवारचे मात्र जमणार नाही. चाळीस वर्षे वर्गात सांगत आले की, जे मनाला पटत नाही त्यापुढे केवळ भिडेखातर मान तुकवू नये. आता निवृत्तीनंतर तो नियम मीच मोडू काय? सगळे उठले की उठायचे, बसले की बसायचे. असल्या नाटकात मला गती नाही. तुझ्या पत्नीने जागा अडवून ठेवू नये.

तुझे अक्षर बिघडले आहे. गळ्याचे दुखणे हातापर्यंत कसे पोचले?

नकारात राग वाचू नकोस, एवढा लोभ माझ्यावर ठेव.

तुझी,
ताई


२० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल घरी आलो. आठ दिवस तू उशाशी होतीस. चादरीला सुरकुती राहू नये म्हणून नर्सला धडे दिलेस. तिनं तुझी तक्रार माझ्याकडे केली, आणि मला उत्तर देता येत नाही हे तुझ्या पथ्यावर पडलं. मी वहीत त्या रविवारबद्दल लिहायला घेतलं की तू उठून पडदा सारखा करायचीस. म्हणून हे टपालानं.

हिनं जागा धरून ठेवलीच होती. वाचताना मी एकदाच मान वर करून दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. राग नाही, ताई. पण पुन्हा बोलावून ऐकवावं असं माझ्याकडे आता काही उरलं नाही.

जी माया दवाखान्यात दिलीस, ती पुरेशी मानतो.

तुझा,
पोपट


२२ नोव्हेंबर

चि. पोपटास,
अ. उ. आ.

मी आले होते.

दहाला पाच कमी असताना आले, आणि पादत्राणे ठेवतात त्या बाहेरच्या खोलीत दाराआड उभी राहिले. आत पाऊल टाकले असते तर वहिनीने हात धरून पुढे नेले असते, आणि माझे पत्र खोटे पडले असते. झाडलोट करणाऱ्या बाईने विचारले, कोणाची वाट पाहता. मी म्हटले, गाडीची. तिने मुकाट्याने खुर्ची आणून दिली.

छत्तीसही नावे ऐकली. एक शब्द गिळला नाहीस. प्रत्येक नाव असे घेतलेस, जणू त्या माणसाच्या घरी तुझे जाणे-येणे होते. दोष एकच: एकोणिसाव्या नावानंतर थांबलास. तिथे थांबण्याचे कारण नव्हते, म्हणून मी मनातल्या मनात गुणही कापला. परवाच्या तुझ्या पत्राने कळले की तेव्हा तू दाराकडे पाहत होतास. मी त्या दारापासून दोन हातांवर होते.

वाचन संपले आणि आत सगळे उठले. ती बाई झाडू भिंतीला टेकवून स्तब्ध उभी राहिली. मीही उठले. मला कोणी सांगितले नव्हते, आणि ते नाटकही वाटले नाही. मग आठ दिवस तुझ्या उशाशी बसून हे सांगायला तोंड उघडले नाही. तुझी वाचा गेली होती. माझी शाबूत असून मी गप्प.

तू बाहेर पडण्याजोगा झालास, की त्या रविवारी वहिनीला दोन जागा धरायला सांग. मी पुढे, सर्वांसमक्ष, तुझ्या शेजारी बसेन. नवा वाचक अडखळला तर तुझ्या वहीत लिहून दाखवीन. तोंडाने काही बोलणार नाही.

क्षमा मागण्याचा मला सराव नाही. ही पहिलीच आहे, तेव्हा कच्ची राहिली असेल. तरी पदरात घे.

तुझी,
ताई