दोन खळग्यांची रेघ

३ नोव्हेंबर

माफ कर, किती महिने तुला उघडलंच नाही. आज उघडते आहे, कारण जीभ सुटली आणि आता चैन पडत नाही.

आमचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची इवलीशी साखळी. एवढ्या लहान साखळीला पाणी चहूबाजूंनी खेचतं, ती सैल पडायला हवी. माझी पडत नाही! नुसत्या पाण्यातही स्प्रिंगसारखं वेटोळं धरून राहते—हाच तर माझ्या पेपरचा दावा. यंत्रावरच्या आलेखात वेटोळ्याची खूण म्हणजे दोन खळगे. माझ्या रेघेला नेहमी दोन येतात. आज बैठकीत 'सावकाश'नं दाखवलेल्या रेघेला एकच होता. (माझ्या हाताखाली काम करते, हात इतका संथ की सगळे तिला हेच म्हणतात. तीही हसते.)

"पावडर सरळ पाण्यातच घातली, ताई. म्हटलं, मध्ये अल्कोहोल नको."

"आणि अल्कोहोलशिवाय पावडरच्या गुठळ्या कोण फोडणार? तुझा नवरा?"

सगळी बैठक हसली. तेवढ्यावर थांबायचं ना! पण मी पुढे—"असंच चाललं तर तुझ्या नोकरीची मुदतवाढ कुठल्या तोंडानं मागू?"

मग कुणी हसलं नाही.

४ नोव्हेंबर

जेवताना आईला सांगितलं. "चारचौघांत बोललीस ना? मग माफी कोपऱ्यात मागून भागायचं नाही." मी पाणी आणायला उठले.

१० नोव्हेंबर

सावकाशची नवी रेघ. दोन खळगे! पेपरवर तिचं नाव घालते म्हटलं. "नको ताई, माझं नाव नको." किती तो संकोच! आणि माफी मागायची गरज उरली नाही, याचं मला हायसं वाटलं—हेही लिहूनच ठेवते.

१८ नोव्हेंबर

माझी पद्धत अशी: गुठळ्या फुटाव्यात म्हणून पावडर आधी फ्लोरिनवाल्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची, नायट्रोजनच्या झोतानं अल्कोहोल उडवायचं, मग पाणी घालायचं. या खेपेला सिलिंडर संपला, म्हणून नळ्या शनिवार-रविवार निर्वात पंपावर ठेवल्या. आज मोजलं—एकच खळगा. पुन्हा मोजलं. एकच. अल्कोहोलचे थोडे थेंब टाकले—दोन्ही खळगे हजर!

म्हणजे झोतानं ते कधी पुरतं उडालंच नव्हतं. नळीच्या तळाशी उरणारा ओलसर थर मी पेप्टाइड समजत होते. अल्कोहोल साखळीभोवतीचं पाणी बाजूला सारतं, मग ती स्वतःलाच धरून वेटोळं घालते. पाण्याचा काही संबंध नाही. माझ्या घाईचा आहे.

तिची पहिली रेघ खरी होती. आणि मी नवऱ्यावरून चारचौघांत तिचं हसं केलं. शी! दुसऱ्या वेळी तिनं बिचारीनं माझीच पद्धत वापरली असणार. म्हणजे तिलाही मीच चुकायला लावलं.

१९ नोव्हेंबर

तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "माझ्या पद्धतीनं तुझीही रेघ बिघडली गं."

ती नळ्या पुसत राहिली. मग—"मी तुमची पद्धत वापरलीच नाही, ताई. परत मोजलंच नाही. तुमचीच रेघ जराशी हलवून माझी म्हणून आणली. मुदतवाढ हवी होती. म्हणून तर नाव नको म्हणत होते." आणि दाराशी जाऊन—"उद्या बैठकीत सांगते मी सगळ्यांना."

उद्या: बैठकीत तिच्याआधी मी उभं राहायचं.