नाव न घेता दहा मार्क

बाभुळगाव,
सोमवार

प्रिय राजदीपभाऊ,

तुले अन् घरच्या साऱ्यांले तुझ्या देवराव भाऊजीचा जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत, पण डोकं ठिकाणावर नाही, अन् त्याले कारण तुझी पोरगी दीपा. तिले आजच्या आज फोन करून सांग, का तो इंग्रजीचा वर्ग बंद कर. नाहीतर उद्यापासून मी तुझ्या बहिणीले पाठवत नाही!

इथल्या शाळेत लागली तवापासून दीपा संध्याकाळी विहारात बायकांले इंग्रजी शिकवून राह्यली. आमची हैदराबादची नात फोनवर नुसती इंग्रजी फाडते, म्हणून तुझी बहीण सत्यभामाही जाते. (मी बँकेत तीस वर्षं दफ्तरी होतो. घरात इंग्रजीवाला माणूस असताना बाहेर कायले जावं? पण आपलं ऐकते कोण!) दोन महिने झाले तरी बायका 'येस मिस'च्या पुढं सरकेनात. मंग दीपानं प्रश्नमंजुषा काढली. दोन पार्ट्या केल्या. ती इंग्रजीत गावातल्या एखाद्या माणसाच्या खुणा सांगणार, जिची पाळी तिनं नाव सांगितलं का दहा मार्क.

परवा घराची किल्ली द्याले गेलतो, तं नेमकी तुझ्या बहिणीची पाळी. खुणा काय, तं पांढऱ्या मिशा, पानठेल्यावर रोजची बैठक, एसटीच्या कंडक्टरशी भांडण. (पोरगी सख्ख्या आत्याच्या नवऱ्याले सोडत नाही, बोल आता!) साऱ्या बायका दाराकडं, म्हणजे माझ्याकडं, पाहून हसून राह्यल्या. सत्यभामा मात्र गप. तुले माहीतच आहे, अडतीस वर्षांत तिनं माझं नाव तोंडातून काढलं नाही. रेशनच्या दुकानातही नाव विचारलं तं बोटानं मलेच दाखवते. अन् समोरच्या पार्टीची नंदाबाई अडून बसली, का नाव नाही तं मार्क नाही.

मंग काय, तुझी बहीण पेटली. नाव घेता येत नाही म्हणून बाकी सारं काढलं, अन् तेही इंग्रजीत, हातवाऱ्यांसकट! मी घोरतो (याची तं नक्कलच केली), मीठ कमी पडलं का ताट सरकवतो, गूळ चोरून खातो, डॉक्टरच्या सुईले भेतो. तिचं अडलं का पार्टीवाल्या शब्द पुरवत, अन् नंदाबाई वकिलावानी उलटे प्रश्न करे. अर्धा घंटा विहारात इंग्रजीशिवाय भाषा नाही अन् माझ्याशिवाय विषय नाही. दीपा खुशीनं रडाले आली. मी किल्ली धरून दारात उभा, बँकेतला माणूस म्हणून मान हलवत 'करेक्ट, करेक्ट' म्हणतो. आता पानठेल्यावर लोक मिशीतल्या मिशीत हसतात. इज्जतीचा पार कचरा झाला गा! वर्ग बंद म्हणजे बंद.

तुझा भाऊजी,
देवराव

ता. क. शेवटी तुझी बहीण हातवारे न करता, माझ्याकडं पाहून हळूच काहीतरी बोलली. नंदाबाईनं स्वतःहून दहा मार्क देऊन टाकले. मी तेव्हाही 'करेक्ट' म्हटलं, पण खरं सांगतो, मले काही समजलं नाही. (बँकेत मी फायली उचलत होतो, वाचत नव्हतो. कोणाले सांगू नको.) ऐकलं तसं लिहितो: 'ही शाउट. बट आय सिक, ही नो स्लीप.' अर्थ विचारून लवकर कळव. तिले कसं विचारू?

आणखी ता. क. पाकीट चिकटवाच्या आधी शेजारच्या वैष्णवीले अर्थ विचारला. दीपाले फोन करू नको. केलाच तं एवढं विचार, का वर्गात माणसांले घेतात का. सत्यभामाबद्दल मलेही दोन-चार वाक्यं बोलाची आहेत, अन् ती मराठीत माझ्याच्यानं बोलवत नाहीत.