न पाहिलेल्या पेशंटवरची सही

प्रिय कर्टिस,

तुझा ईमेल तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचला असता तर लॅपटॉप बर्फात गेला असता, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला लागतं. ट्रेनिंगची तीन वर्षं तू लिहिलेल्या केसपेपरवर लाल शाईत तेच तर वाचत होतास.

अर्लीन ट्वेट आठवते ना? शाळेची बस चालवायची, आणि तू इथे शिकायला होतास तेव्हा तुझ्यासाठी वेगळा डबा करून रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या आणायची. ती गेली. बस चालवता चालवता पाठीत फाटल्यासारखं दुखलं, तरी सगळी मुलं घरी सोडून मगच ती कॅज्युअल्टीत आली. त्या दुपारी तिथे एकही डॉक्टर नव्हता. होती फक्त टेसा, डॉक्टरांच्या हाताखाली काम करायला शिकलेली, नोकरीला पाच महिने झालेली पोर. तिने स्नायूचं दुखणं समजून गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. फाटली होती हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी. सकाळी अर्लीन उठलीच नाही.

टेसा चुकली, हे मी तिच्या तोंडावर बोलले. पण तिने आधी आपलं हॉस्पिटल चालवणाऱ्या कंपनीला, तू आता जिच्या ऑफिसात बसतोस तिला, दोनदा फोन केला होता, की मला खात्री वाटत नाही, कुणी डॉक्टर द्या. उत्तर मिळालं, “अगं, यादीत तुझ्यावर डॉक्टर हॉगेन आहेत की.” त्या वेळी मी नव्वद मैलांवर, अॅम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांना रक्तस्राव थांबवायला शिकवत होते. माझं नाव यादीत आहे हे मला कुणी कळवलंही नव्हतं.

आणि आता तू लिहितोस, “डॉक्टर, नुसती औपचारिकता आहे. अर्लीनच्या केसपेपरवर ‘माझ्या देखरेखीखाली तपासलं’ एवढ्यावर सही करा, सगळेच करतात.” सगळे करतात हे खरंय, आणि त्याचीच मला चीड आहे. मी सही केली की कागदोपत्री तिथे डॉक्टर होता असं ठरणार, तुमची कंपनी सुटणार आणि लायसन्स जाणार ते एकट्या टेसाचं. तिने फोन केले होते हे कोण विचारणार मग?

तुला दुसऱ्या वर्षातला तो रेल्वेवाला पेशंट आठवतो? छाती ऐकली असं तू लिहिलं होतंस आणि ऐकली नव्हतीस. मी तुला परत पाठवलं, त्याची माफी मागायला लावली, पान नव्याने लिहायला लावलं. आठवडाभर तू माझ्याशी धड बोलला नाहीस. पुढे एका ज्युनिअरला तसंच परत पाठवताना मी तुला दारातून पाहिलं. इतका अभिमान मला स्वतःच्या मुलांचाही क्वचितच वाटला असेल.

सही मी केलेली नाही, करणारही नाही. काल कंपनीचं पत्र आलं, एकतीस तारखेपासून मला काढलंय. काढू देत. एकसष्टाव्या वर्षी मला घाबरवायला यापेक्षा मोठं काहीतरी लागेल.

हे सगळं का लिहितेय ते आता सांगते. गुरुवारी राजधानीत, बिस्मार्कला, विधानसभेच्या समितीपुढे सुनावणी आहे, प्रत्येक कॅज्युअल्टीत चोवीस तास डॉक्टर हजर हवा या विधेयकावर. मी साक्ष देणार आहे. टेसाही माझ्यासोबत येतेय. तुझा ईमेल मी तिथे वाचून दाखवणार, तुझ्या नावासकट. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढंच मनात होतं. तुमचा वकील म्हणेल की कर्टिस ब्रँडव्होल्ड हा ऑफिसातला माणूस, त्याला यातलं गांभीर्य कळलं नसेल. तेव्हा मी उभी राहून सांगेन की याला मी शिकवलंय, आपण काय मागतोय ते याला पक्कं ठाऊक होतं.

अजूनही तुझीच शिक्षिका,
लोर्ना हॉगेन