सासऱ्यांच्या इंजिनाचं आधुनिकीकरण

२ नोव्हेंबर, रविवार
मंडळाच्या मीटिंगमधून आत्ताच आलो. डोकं तापलंय. आमचं मंडळ मॉडेल रेल्वेचं. (बायको 'खेळण्यातल्या आगगाड्या' म्हणते. वाद घालणं सोडून दिलंय.) सेक्रेटरीने चारचौघांत विचारलं, "तुमचं इंजिन यंदा तरी धावणार का?" गेल्या प्रदर्शनात माझं इंजिन वळणावर थांबलं होतं, त्यावरून हा टोमणा. वळण चुकीचं होतं! ते कुणी घातलं होतं? ह्यानेच!
या गृहस्थाला मी मनातल्या मनात 'सिग्नल' म्हणतो. कुणी पुढे निघालं की हा लाल.
निश्चय: महिनाअखेरच्या प्रदर्शनात असं इंजिन उतरवायचं की सिग्नलची बोबडी वळली पाहिजे.

३ नोव्हेंबर
माझं इंजिन अपग्रेडच्या लायकीचं नाही. सासऱ्यांचं मात्र आहे. हिरवं, बसकं, तरुणपणी पहिल्या पगारात घेतलेलं. अजून लोण्यासारखं चालतं, पण जुनाट. आवाज नाही, दिवे नाहीत, डिजिटल कंट्रोल नाही. नुसतं चालण्यात काय आहे?
सासरे पडल्यापासून आमच्याकडेच असतात. हाड जुळलं, पण खिडकीजवळची खुर्ची सुटत नाही. व्यायामवाल्या बाई रोज येऊन "आजोबा, चला" म्हणतात. हे "उद्या" म्हणतात.
त्यांना सांगितलं, इंजिन जरा पुसून ठेवतो. म्हणाले, "पुसा. उघडू नका."
मी "छे छे" म्हणालो. छे छे म्हणजे वचन नव्हे.

५ नोव्हेंबर
उघडलं.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
एक स्क्रू कपाटाखाली गेला. कपाट हलवताना पाठीत उसण. कपाट तिथे कुणी ठेवलं? बायकोने. तिला तसं बोललो. म्हणाली, "लग्नापासून तिथेच आहे." हे उत्तर झालं?

९ नोव्हेंबर
नवी मोटर बसवली. मी इतकी वर्षं पंख्यांच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. मोटर म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.
इंजिन उलटं धावतंय. पुढे म्हटलं की मागे. मोटरवाल्याला फोन करून चांगला झापला. तो म्हणाला, वायरी अदलाबदल झाल्या असतील. झाल्या होत्या. पण बोलण्याची काही पद्धत असते की नाही?

१२ नोव्हेंबर
डिजिटल चिप आली. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत: 'मोटरचा लोखंडी सांगाड्याशी कुठेही संपर्क नाही याची आधी खात्री करा.' असल्या सूचना नवशिक्यांसाठी असतात.

१२ नोव्हेंबर, थोड्या वेळाने
धूर.
बायको स्वयंपाकघरातून ओरडली, काय करपलं? मी म्हणालो, तुझं दूध. ती म्हणाली, दूध फ्रिजमध्ये आहे.
चिप भिकार होती. दुसरी मागवली. (सांगाडा आणि मोटर यांच्यामध्ये टेप लावली. सहज. त्या कागदाचा काही संबंध नाही.)

१६ नोव्हेंबर
स्पीकर आत मावेना. तासभर आदळआपट केली. मग लक्षात आलं, आत शिशाचा एक ठोकळा बसवलाय. कसलंही काम नाही, नुसती अडगळ! पूर्वीच्या लोकांना जागेची किंमतच नव्हती. काढला आणि रद्दीवाल्याला देऊन टाकला. आता स्पीकर फिट्ट.
शिट्टी, घंटा, ब्रेकची किंचाळी. काय आवाज! ऐकून शेजारच्या बाई बेल वाजवून विचारायला आल्या, कुणाला बरं नाही का.
बायकोने विचारलं, "बाबांचं इंजिन कुठाय? ते सारखं विचारतायत."
"सर्व्हिसिंगला."
"कुणाकडे?"
"तज्ज्ञाकडे."
तिने माझ्या हातावरचा भाजल्याचा फोड बघितला आणि म्हणाली, "तज्ज्ञाला मलम लावा."

२३ नोव्हेंबर
टेबलावर ट्रायल. दिवे उत्तम, आवाज उत्तम. इंजिन एकटं छान पळालं. पुरे. डबे जोडून बघायची गरज वाटली नाही. इंजिन आहे, डबे ओढणारच. त्याचा जन्मच त्यासाठी.

२९ नोव्हेंबर, शनिवार
उद्या प्रदर्शन. एक घोळ झालाय. सासरे म्हणतात, मीही येणार. पडल्यापासून जिना न उतरलेला माणूस! हिने चाकांची खुर्चीसुद्धा आणली. कोण म्हणालं होतं त्यांना बोलवायला? ही म्हणते, "तुम्हीच तर म्हणालात, प्रदर्शनात बाबांना सरप्राइझ आहे."

३० नोव्हेंबर, रविवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो, कारण उद्या हे लोक भलतंच सांगत सुटतील.
हॉल भरलेला. मी सहा डबे जोडले, बटण दाबलं. शिट्टी झाली, घंटा झाली, सगळे माझ्या टेबलाकडे वळले. चाकं गरागरा फिरायला लागली. इंजिन जागच्या जागी. मी वेग वाढवला. आवाज वाढला. इंजिन तिथेच.
सिग्नल वाकून म्हणाला, "यातलं वजन काढलंत की काय? वजनाशिवाय चाकं रूळ धरत नाहीत हो."
मी म्हणालो, रूळ तेलकट आहेत. तुमचे रूळ नेहमीच तेलकट असतात. बरंच बोललो. वळणाचंही काढलं. बायको म्हणाली, "अहो, हळू." मी म्हणालो, मी हळूच बोलतोय! ते म्हणे बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.
तेवढ्यात सासरे खुर्चीतून म्हणाले, "उघडलंत ना?"
मी शिट्टीचं बटण दाबलं. गर्दीत कुणीही तेच केलं असतं.
मग त्यांनी खुर्ची टेबलाला लावायला सांगितली. एका हाताने टेबलाची कड धरून उठले. दुसऱ्या हाताचं एक बोट इंजिनाच्या टपावर ठेवून हलकेच दाबलं. चाकांनी रूळ पकडले. गाडी निघाली.
गाडी निघाली तसे तेही निघाले. कड धरून, एकेक पाऊल. बायको मागून "बाबा, बाबा" करत. पहिलं वळण, पूल, स्टेशन. स्टेशनात थांबले, दम घेतला, "चला" म्हणाले आणि पुन्हा निघाले. पूर्ण फेरी! हॉलमध्ये टाळ्या. ही रडत होती. सिग्नलने त्यांची खुर्ची पुढे केली आणि स्वतःच्या हाताने पाणी दिलं. मला कुणी पाणी विचारलं नाही.

१ डिसेंबर
ठरवलं: सगळ्यांची तोंडं बंद करायची. बाजारातून नवं शिसं आणलं, मापात कापलं. इंजिन उघडणार एवढ्यात व्यायामवाल्या बाई आल्या. हिने त्यांना प्रदर्शनाचं सांगून ठेवलेलं. बाई म्हणाल्या, त्याला अजिबात हात लावू नका, असंच राहू दे. रोज सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या.
मी म्हणालो, अहो पण ते बिघडलेलं आहे!
सासरे म्हणाले, "जावईबापू, फार छान बिघडवलंत."
जेवणाचं टेबल आता रुळांनी भरलंय. सासरे बोट ठेवून फेऱ्या मारतात आणि घंटा वाजवायला लावतात. मी ताट मांडीवर घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो.
स्क्रूड्रायव्हर हिने कुलपात ठेवलाय.